आत्याने तोडलेलं सील

माझी आत्या छापखान्यात प्रूफं वाचायची, एवढंच आम्हाला माहीत होतं. कसली प्रूफं, असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, "फॉर्म असतात, तक्ते असतात, असलंच काहीतरी," आणि विषय बदलायची. वर्षातून एकदा ती तीन-साडेतीन आठवडे गायब व्हायची. "कामाचा हंगाम आहे, फोन लागणार नाही," असं बाबांना सांगून जायची. बाबा म्हणायचे, "ताईचं सगळं निराळंच." त्यापुढे आम्ही कधी विचार केला नाही. खरं सांगायचं तर आत्याचाच आम्ही फारसा विचार करत नव्हतो.

ती बाबांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. लग्न झालं होतं, ते दोन वर्षं टिकलं, आणि त्याबद्दल आमच्या घरात कोणी चकार शब्द काढत नसे. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढं तिचं घर. खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर ती बसायची, दुसरीवर वर्तमानपत्रांची चळत असायची. आम्ही गेलो की ती लगबगीने चळत उचलायची आणि कुठे ठेवावी हे न सुचून ती हातात धरूनच उभी राहायची. महिना-दोन महिन्यांतून एकदा आम्ही जायचो, तासभर बसायचो आणि निघायचो. निघताना ती जिन्याच्या कठड्यापर्यंत यायची आणि आम्ही खाली रस्त्यावर पोचेपर्यंत वरून बघत राहायची.

तो छापखाना परीक्षांचे पेपर छापणारा होता, हे मला खूप उशिरा कळलं. वर्षभर पुढच्या भागात साधी छपाई चालायची. परीक्षांच्या आधी मात्र एकतीस माणसांना मागच्या भागात कोंडून ठेवायचे. कोंडून म्हणजे अगदी शब्दशः. कामगार त्या भागाला नुसतं 'आत' म्हणत. आत जाताना फोन, घड्याळ, पेन, सगळं बाहेर जमा करायचं. कपडे तिथले, चपला तिथल्या. खिडक्यांच्या जागी काचेच्या विटा, त्यातून उजेड यायचा पण दिसायचं काही नाही. जेवण भिंतीतल्या एका फळीवरून आत सरकवलं जायचं. पेपर छापून, पाकिटात घालून, लाखबंद होऊन बाहेर गेले, की मग माणसं बाहेर.

या एकतीस जणांत प्रूफं वाचणारी आत्या एकटीच. बाकीचे तिला तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'पूर्णविराम'. ती आली की चाललेलं बोलणं थांबायचं म्हणून. हे तिला माहीत होतं. "नाव बरोबर ठेवलंय," ती मला एकदा म्हणाली होती, "मला गप्पांत शिरता येत नाही. शिरले की मोडतात."

आणि तरीही आत्या त्या तीन आठवड्यांची वर्षभर वाट बघायची. बाकी सगळे आत जाताना तोंड पाडून जात. कोणाचं तान्हं मूल घरी, कोणाची म्हातारी आई, कोणाचं नुकतंच लग्न झालेलं. आत्या पिशवी भरून दोन दिवस आधीच तयार. आत बायकांना एक लांबट खोली होती, आठ खाटांची. दिवे मालवल्यावर बाकीच्या सातजणी कुजबुजत, हसत, एखादी रडे, एखादी झोपेत घोरे. आत्या झोपली आहे असं समजून त्या मोकळेपणी बोलत. आत्या डोळे मिटून ऐकत पडायची. "कोणीतरी खोकतंय, कोणीतरी पाणी पितंय, असं ऐकू आलं की मला चटकन झोप लागते," ती म्हणाली. "घरी नाही लागत."

त्या वर्षी आत जाऊन अकरावा दिवस होता. दुपारचे तीन वाजले असतील. जेवणं झाली होती आणि यंत्रं पुन्हा सुरू झाली होती. आत्या आपल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी एका भूगोलाच्या पेपरात डोकं घालून बसली होती. गठ्ठ्यांना प्लास्टिक गुंडाळणारं एक यंत्र होतं, त्याच्या तापलेल्या पट्टीला प्लास्टिक चिकटलं आणि धुमसायला लागलं. मग शेजारच्या कागदाच्या कात्रणांनी पेट घेतला. घंटा वाजायला लागली.

आत्या सांगते, घंटा वाजल्यावर कोणीही हललं नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते. वर्षात दोन-तीनदा ती घंटा अशीच उगाच वाजायची. फोरमन म्हणाला, "थांबा, मी बघून येतो." फोरमन म्हणजे आतला मुख्य, जाडजूड, भला माणूस. तो बघायला गेला. बाइंडिंगवाली एक तरुण बाई हातातली पानं सारखी करून नीट कोपऱ्याला कोपरा लावून ठेवत होती. एकजण खुंटीवरचा सदरा काढून घालायला लागला. असा एक मिनिट गेला, कदाचित दीड. मग दिवे गेले, आणि काळा, घशाला चिकटणारा धूर छताखालून पसरत आला. फोरमन खोकत, धावतच परत आला.

आणि मग सगळे एकदम पळाले. पुढच्या दाराकडे.

पुढे एक अरुंद बोळ होता, दोन माणसं शेजारी शेजारी जेमतेम चालतील एवढा. त्याच्या टोकाला लोखंडी दार. ते आतल्या बाजूला उघडायचं, आणि त्याची किल्ली बाहेर पहारेकऱ्याकडे. पहारेकऱ्याला सक्त हुकूम होता, की घंटा वाजली तरी सुरक्षा अधिकारी आल्याशिवाय दार उघडायचं नाही. पेपर फोडण्यासाठी कोणी मुद्दाम घंटा वाजवू शकतं म्हणून. अधिकारी तेव्हा दुसऱ्या इमारतीत होता. पहारेकरी त्याला बोलवायला धावला. आत तीस माणसं त्या बोळात घुसली आणि दारावर धक्के मारायला लागली. आता ते दार कुलूप काढलं असतं तरी उघडलं नसतं, कारण माणसांनीच ते दाबून धरलं होतं.

मागेही एक दार होतं. कागदाच्या गोदामाच्या शेवटी, वर हिरवा दिवा असलेलं, संकटकाळी बाहेर पडायचं दार. ते सगळ्यांना माहीत होतं, रोज सकाळी फोरमन त्याच्या सीलचा नंबर वहीत लिहायचा. पण त्या दाराने कोणी कधी बाहेर पडलं नव्हतं. कडीला तार आणि तारेला शिशाचं सील. ते सील तुटलं, की आतला प्रत्येक पेपर फुटला असं धरायचं, असा नियम.

आत्याचं टेबल त्या दारापासून जवळ होतं. ती उठून ओरडली, "इकडे या! मागचं दार!" तिचा आवाज मुळात बारीक, त्यात ती जन्मात कधी ओरडलेली नाही. कोणाला ऐकू गेलं नाही. ती पुन्हा ओरडली आणि तिला खोकल्याची उबळ आली. मग ती एकटीच दाराशी गेली.

"तिथे गेले आणि उभी राहिले," आत्या म्हणाली.

"का?" मी विचारलं.

"वाचत होते."

दारावर पाटी होती, की परवानगीशिवाय सील तोडणाऱ्यावर कारवाई होईल. त्या पाटीत 'परवानगी'ची वेलांटी चुकली होती. कित्येक वर्षं ती चूक तिला दिसत होती आणि दरवेळी सांगायचं राहून जात होतं. पाठीमागे माणसं किंचाळत होती आणि ती ती पाटी वाचत उभी होती. हे सांगताना तिला अजूनही लाज वाटते. "माझे पाय जागचे हलेनात," ती म्हणाली. "आग दिसत होती, पण भीती त्या सीलचीच जास्त वाटत होती."

किती वेळ गेला तिला सांगता येत नाही. मग तिने हाताने तार ओढली. तार तुटली नाही, बोट मात्र कापलं. टेबलावरची लोखंडी पट्टी आणून तिने ती तारेत अडकवली आणि पिळली. सील तुटून खाली पडलं. दार रंगाने चौकटीला चिकटून बसलं होतं. तिने खांदा लावला, पुन्हा लावला, आणि तिसऱ्या वेळी ती दारासकट बाहेर गेली.

बाहेर इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली एक गल्ली होती. पाण्याची टाकी, एक मोडकी सायकल, ऊन. "इतकं शांत होतं गं तिथे," आत्या म्हणाली. "आत काही झालंच नाही असं वाटलं. मी श्वास घेतला. मला वाटलं, आता येतील सगळे माझ्या मागून. मी दाराकडे बघत राहिले. कोणीच आलं नाही."

ती तिथेच थांबली असती तरी कोणी तिला बोल लावला नसता. ती रुमाल ओला करून तोंडाला बांधून आत शिरली. वाकून, जवळजवळ रांगत. बोळाच्या तोंडाशी गर्दीतलं शेवटचं माणूस तिच्या हाताला लागलं. ती बाइंडिंगवाली होती. आत्याने तिचं मनगट धरलं.

"मागचं दार उघडलंय. चल."

"सोडा मला! दार इकडे आहे!"

"ते बंद आहे. चल म्हणते ना!"

बाइंडिंगवालीने हात हिसडला आणि पुन्हा पुढच्या पाठीवर जाऊन आदळली. आत्याने तिला खांद्याला धरून वळवलं आणि सणसणीत कानाखाली वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा तिने कोणावर हात उगारला असेल. बाइंडिंगवाली जागच्या जागी थबकली, आणि त्या एका क्षणात आत्याने तिचा दुसरा हात पुढच्या माणसाच्या सदऱ्याला लावून दिला. "याला सोडू नकोस," ती म्हणाली आणि ओढायला लागली. त्या माणसाने पुढच्याला धरलं. मग मागे जागा मोकळी होतेय हे बाकीच्यांना जाणवलं, आणि मग सगळीच गर्दी उलट वळली. दाराशी सर्वांत पुढे असलेला म्हातारा मशीनमन खाली पडला होता. त्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. त्याला फोरमनने आणि आणखी एकाने उचलून आणलं. पुढचं दार उघडलं ते घंटा वाजल्यापासून अकराव्या मिनिटाला. तोवर आत कोणी उरलं नव्हतं.

गल्लीत सगळे खोकत होते, रडत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते. आत्या टाकीला टेकून उभी होती. तिच्या गळ्यात कोणी पडलं नाही. मुद्दाम नाही, ती त्यांच्या त्या सवयीतच नव्हती. थोड्या वेळाने फोरमनचं लक्ष दाराकडे गेलं. त्याचा चेहरा उतरला.

"सील कोणी तोडलं?"

एकेक करून सगळे आत्याकडे बघायला लागले.

"मी," ती म्हणाली.

आग बंबवाल्यांनी दहा मिनिटांत विझवली. तेच आत्याला नडलं. आग मोठी असती तर कोणी काही बोललं नसतं. पण जळालं काय, तर एक यंत्र आणि कात्रणांचा ढीग. त्यासाठी लाखो पेपर रद्द झाले, परीक्षा पाच आठवडे पुढे गेल्या. आत्याला घरी बसायला सांगितलं, चौकशी होईपर्यंत.

त्या दिवसांत ती एकदा अचानक आमच्याकडे आली, कामाच्या दिवशी. "रजा आहे," म्हणाली. तिच्या बोटाला पट्टी होती. आईने विचारलं तर म्हणाली, "कागदाने कापलं." संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो आणि आई वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवत होती. परीक्षा पुढे गेल्याची. एका कर्मचारी महिलेने घाबरून सुरक्षा दार उघडल्याने, असं त्यात लिहिलं होतं.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि मला सगळ्यातलं सगळं कळत होतं. मी म्हणाले, "अशा भित्र्या बायकांना असल्या जागी ठेवतातच कशाला? एकीच्या घाबरटपणापायी सगळ्या मुलांच्या डोक्याला ताप."

आत्या ताटातलं चिवडत होती. ती म्हणाली, "जरा पाणी दे गं." मी दिलं. ती प्यायली. त्यानंतर ती दोन महिने आमच्याकडे आली नाही आणि आम्हालाही ते जाणवलं नाही.

पत्र आलं ते आमच्या पत्त्यावर. संकटकाळी कोणाला कळवावं, या रकान्यात आत्याने बाबांचं नाव-पत्ता लिहिला होता. कचेरीतल्या कोणीतरी घोळ घालून सील तोडल्याबद्दलच्या चौकशीचं बोलावणं तिच्याऐवजी आमच्याकडे पाठवलं. मी ते फोडलं. दोनदा वाचलं. मग तशीच उठून तिच्याकडे गेले.

तिने दार उघडलं आणि सवयीने वर्तमानपत्रांची चळत उचलायला धावली. मी म्हटलं, "राहू दे. मी खाली बसते." खाली बसून मी तिला पत्र दिलं. मी माफी मागायला गेले होते, पण माझ्या तोंडून निघालं ते, "तू सांगितलं का नाहीस?"

"न सांगायचीच नोकरी होती ना," आत्या म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं, वर लिहिलंय ते. मी ऐकत असताना ती मधेमधे थांबायची आणि विचारायची, "कंटाळलीस का?"

चौकशीला मी तिच्याबरोबर गेले. छापखान्यातल्या एका खोलीत ती चालली होती. खोलीचं दार उकाड्यामुळे उघडं ठेवलं होतं आणि मी बाहेर बाकावर बसून ऐकत होते. चौकशी करणाऱ्या बाई अग्निशमन खात्यातल्या, पिकलेल्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. एकेक कामगार आत येत होता आणि एकच सांगत होता. धूर होता, काही दिसलं नाही. ढकलाढकलीत कसे बाहेर आलो कळलं नाही. दार कोणी उघडलं माहीत नाही. आपण त्या दारातून स्वतःच्या पायांनी बाहेर पडलो हे कबूल केलं तर आपल्यावरही ठपका येईल, ही भीती. फोरमनही म्हणाला, "सील तुटायला नको होतं. दोन मिनिटांत पुढचं दार उघडलंच असतं." आत्या मान खाली घालून बसली होती. आलेल्यांपैकी एकानेही तिच्याकडे बघितलं नाही.

मग बाइंडिंगवाली आली. तिला विचारलं, "तुम्हाला बाहेर कोणी नेलं, दिसलं का?"

"नाही. धुरात काय दिसणार?"

"मग कसं सांगाल कोण होतं ते?"

"दिसलं नाही म्हटलं," ती म्हणाली, "पण कानाखाली बसली ती अजून आठवते. आमच्या बाईच होत्या. बोट कापलेलं होतं, माझ्या गालाला रक्त लागलं होतं. आणि मॅडम, एक सांगू? मी शुद्धीवर होते. मागे दार आहे हे मला माहीत होतं. आठ हंगाम रोज बघते मी ते. पण पाय तिकडे वळेनात. आपण जिथून आत येतो तिथूनच बाहेर जाणार, असंच वाटत राहतं. त्यांनी मारलं नसतं तर मी तिथेच राहिले असते."

खोलीत कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मशीनमन छातीला पट्टा बांधून एका खुर्चीवर बसला होता, त्याने खाकरून म्हटलं, "मीपण तेच सांगणार होतो. धीर होत नव्हता."

दुसऱ्या दिवशी त्या अधिकारी बाईंनी तीस माणसं पुन्हा त्या बोळात उभी केली आणि हातात घड्याळ घेऊन सगळं मोजून पाहिलं. धूर कुठवर उतरला होता त्याच्या खुणा भिंतीवर होत्याच. आणखी तीन-चार मिनिटं गेली असती तर बोळातून निम्मी माणसंही जिवंत निघाली नसती, असं त्यांनी अहवालात लिहिलं. पुढचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करावं, मागच्या दाराला आडवी दांडी लावावी, नुसती ढकलली की उघडेल अशी, आणि वर्षातून एकदा सर्वांना त्या दाराने प्रत्यक्ष बाहेर काढावं, असंही लिहिलं. सगळं झालं. आत्याला परत कामावर घेतलं.

पण आत नाही. सील तोडलेल्या माणसाला पुन्हा गोपनीय काम देता येत नाही, हा नियम त्या अहवालाने बदलला नव्हता. आत्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेली, स्वतःसाठी काही मागायला ती बहुधा पहिल्यांदाच कोणाकडे गेली असेल. तिने विचारलं, "मला आत नाही का जाता येणार? प्रूफं नको तर दुसरं काहीही द्या."

तो मनापासून म्हणाला, "अहो बाई, शिक्षा नाही ही. तुमची तर सुटका झाली की! आरामात पुढच्या ऑफिसात बसा, पाच वाजता घरी जा."

"बरं," आत्या म्हणाली.

आता ती पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत एकटी बसून फॉर्म आणि तक्ते तपासते. आम्हाला इतकी वर्षं जे खोटं सांगत होती तेच तिचं काम झालं. मी तिला आमच्याकडे राहायला आणलं होतं. चार दिवस राहिली आणि परत गेली. "तुम्ही सगळे किती जपून बोलता गं माझ्यासमोर," म्हणाली.

पुढच्या हंगामात मी तिला छापखान्यात डबा द्यायला गेले होते. तिच्या खोलीच्या खिडकीतून ती मागची गल्ली दिसते. घंटा वाजली, मी दचकले. आत्या म्हणाली, "सराव आहे," आणि उठून खिडकीच्या कडेला, पडद्याआड उभी राहिली. मागचं दार उघडलं, माणसं बाहेर आली. बाइंडिंगवाली आली, तिने डोळ्यांवर हात धरून वर बघितलं, एकेक खिडकी शोधत. मी हात हलवणार होते. आत्याने माझा हात धरून खाली घेतला.

"आतल्या माणसाने बाहेरच्याला खूण करायची नसते," ती म्हणाली. "तिची नोकरी जाईल."

ती ओठांत मोजत होती. अठ्ठावीसला थांबली. मग फोरमन आणि आणखी दोघे धापा टाकत आले. ते तिघे सवयीने पुढच्याच दाराकडे पळाले होते, हे नंतर कळलं. तिच्या जागी घेतलेल्या नव्या माणसासकट एकतीस भरले, तेव्हा आत्याने श्वास सोडला. खाली कोणीतरी काहीतरी विनोद केला असावा, सगळे हसत होते. वर आवाज येत नव्हता. मग ते एकामागून एक आत गेले आणि दार लागलं.

आत्या बराच वेळ तिथेच उभी होती. मी डबा उघडून ठेवला.